सोपानआप्पांनी शिकवलेली शेंगोळी

कवठे येमाईच्या सोपानआप्पांच्या जीपमध्ये स्टेपनी नसायची. तिच्या जागी तवा, स्टोव्ह आणि हुलग्याच्या पिठाचा डबा. विचारलं की म्हणायचे, "वाटंत भूक लागली तर टायर खायाचं व्हय?"

शिरूरच्या बालगृहात मी कारकून होतो. मूल दत्तक न्यायला परदेशी जोडपी यायची, त्यांच्यासाठी आप्पांची जीप ठरलेली. मराठी सावकाश बोललं की ते कुणालाही कळतं, अशी आप्पांची ठाम समजूत. "ब-सा. खा-वा. पो-ट भ-रलं का?" आणि पाहुणे खरंच मान डोलवायचे. ऑफिसात आम्ही त्यांच्या नकला करायचो. माझी सगळ्यांत झकास व्हायची.

एकदा डेन्मार्कहून आना आणि पीटर आले, तीन वर्षांच्या सोनीसाठी. पासपोर्ट अडकला आणि मुक्काम तीन आठवडे लांबला. आप्पा तिघांना रोज घरी न्यायचे. पीटरला त्यांनी येमाईच्या देवळात कुंकू लावलं, बाजारात वांगी निवडायला शिकवलं. आनाला मात्र चुलीपुढं बसवलं. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी हातावर वळून लसणाच्या रश्श्यात शिजवायची, एवढंच काम. पण आप्पांचं समाधान होईना.

"जा-ड झालं. मो-डा."

ती हसत मोडायची, पुन्हा वळायची. आठव्या दिवशी सोनीनं तिच्या हातची वाटीभर शेंगोळी खाल्ली. आप्पांच्या बायकोनं, पारूकाकूंनी, आनाला पोर काखेत घ्यायला शिकवलं. सोनी कशाला घाबरते, कुठल्या कुशीवर झोपते, हे सगळं आप्पा माझ्याकडून इंग्रजीत लिहून घ्यायचे. मी वैतागायचो.

निघायच्या सकाळी आप्पांचा निरोप आला, गिअरबॉक्स गेलाय. ऐन वेळी दुसरी गाडी बघितली आणि त्यांना विमानतळावर सोडायला मीच गेलो.

दोन दिवसांनी तणतणत कवठ्याला पोचलो. जीप अंगणात नव्हती.

"दळण आणाया गेल्यात," पारूकाकू म्हणाल्या.

"आणि गिअरबॉक्स?"

"गाडीला काय बी झालं न्हाई." त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "मागल्या साली सोनीला मागाया आले व्हते तुमच्याकडं. तुम्ही हसला म्हणं."

मला आठवलं. माझ्या टेबलापाशी उभे राहून ते म्हणाले होते, "साहेब, सोनी आमच्या घरी द्या की." पन्नाशी कधीच उलटलेली. "आप्पा, या वयात?" म्हणून मी हसलो, वर ऑफिसभर सांगत फिरलो. अर्जाचा कागद पुढं केला नाही. वय बसतंय का, तेही पाहिलं नाही.

तेवढ्यात आप्पा आले.

"आप्पा," मी म्हणालो, "मला वाटलं, तुम्ही गंमत करताय."

"समद्यांला तसंच वाटतं, साहेब."

त्यांनी काकूंना चहा टाकायला सांगितला. दळणाचा डबा खाली ठेवला. मग हळूच विचारलं, "जाताना रडली का वो?"

शिक्रापूर मागं पडेपर्यंत ती त्यांनाच हाका मारत होती.

"नाही," मी म्हणालो.