मामाचं वजन

मास्तरांचा दावा साधा होता. मुलांना अवघड विषय नसतोच, तो अवघड करून सांगणारा मास्तर असतो. निवृत्तीनंतर वर्गात दोनच विद्यार्थिनी उरल्या होत्या, थोरली नात आणि धाकटी नात. पण दावा तसूभरही कमी झाला नव्हता.

त्या आठवड्यात दोघींची बॉक्सिंगवरून जुंपली होती. आजवरचा सगळ्यात मोठा विजेता कोण? थोरली म्हणे हेवीवेटवाला, एका ठोशात समोरच्याला झोपवतो तो. धाकटीचा जीव फ्लायवेटवाल्यावर. तो समोरच्याला सापडतच नाही. मास्तरांनी नेहमीचा उपाय केला, अनोळखी गोष्ट ओळखीच्या गोष्टीला बांधली. शिडशिडीत, चपळ फ्लायवेटचं नाव ठेवलं 'आत्या'. मधल्या वजनाचा 'काका'. आणि दारातून तिरकं होऊन आत येईल अशा हेवीवेटचं, अर्थातच, 'मामा'.

मामा म्हणजे मास्तरांच्या बायकोचे धाकटे भाऊ. सगळं घर त्यांना मामाच म्हणे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जेवताना 'पानी' मागितलं, तर मास्तरांनी आधी 'न'चा 'ण' करून घेतला आणि मग तांब्या पुढे केला. तेव्हापासून मामांनी या घराची पायरी चढली नव्हती. बायकोने हातापाया पडून त्यांना आज दोन दिवस राहायला बोलावलं होतं.

सकाळीच तिने मास्तरांना बजावलं, "आज कुणाला काही शिकवू नका. मला एकच भाऊ आहे."

"मी कशाला शिकवतोय," मास्तर म्हणाले.

जेवण झकास झालं. मामा हसले, दोनदा वाढून घेतलं आणि आतल्या खोलीत आडवे झाले. मास्तर बाहेर येऊन बसतात तोच धाकटीने विचारलं, "आजोबा, मग मामा मोठा की आत्या?"

मुलांनी विचारावं आणि आपण गप्प बसावं, हे मास्तरांच्या हातून कधी झालं नव्हतं.

"हे बघ," ते हळू आवाजात म्हणाले. मास्तरांचा हळू आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत असे. "दोघांना समोरासमोर उभं करून उपयोग नाही. मामा नुसता अंगावर पडला तरी आत्या गेली. म्हणून वजनाच्या मानाने बघायचं. मामाचं वजन काढून घेतलं, तर मागे काय उरतं?"

"काय उरतं?" थोरलीने विचारलं.

"फारसं नाही. पाय हलत नाहीत, तिसऱ्या फेरीत धाप लागते. जे मिळवलं ते अंगाच्या जोरावर. डोकं वापरायची वेळच आली नाही."

"मी म्हणतच होते," धाकटी म्हणाली, "मामा ढ आहे."

"ढ म्हणू नये. मर्यादित म्हणावं."

आतली कॉट करकरली. मामा दारात उभे होते, हातात बॅग.

"ताई, मी निघतो."

"अहो, तुम्ही नाही!" मास्तर धडपडत उठले. "मामा म्हणजे बॉक्सर."

"मग त्याला मामा का म्हणता?"

याचं उत्तर मास्तरांकडे होतं, तिथेच घात झाला. "ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावं लागतं ना. मुलींना हेवीवेट एकदम समजत नाही. त्यांच्या पाहण्यातलं सगळ्यात मोठं जे..."

मामा जिना उतरू लागले.  बायकोने भावासाठी काढलेल्या नव्या चादरीची पुन्हा घडी घातली.

मास्तर अनवाणीच धावले आणि त्यांना बसथांब्यावर गाठलं. "चुकलो मी. परत चला. ताईसाठी तरी."

मामा रस्त्याकडे बघत राहिले. माणूस मुळात मऊ होता. "लहानपणापासून ऐकतोय, भाऊजी. फोटोत मागे उभा राहा, होडीत मधे बस. एक तो हेवीवेटवाला तेवढा आपला वाटायचा." त्यांनी बॅग खाली ठेवली. "खरं सांगा, सगळ्यात मोठा तोच ना?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर.

"त्याचं असं आहे," मास्तर म्हणाले, "वजनाच्या मानाने..."

बस आली.

घरी बायको दारातच उभी होती. मास्तरांच्या मागे जिन्यात आणखी कुणी चढतंय का, ते वाकून बघत होती.

"काय म्हणाला?"

"गेले," मास्तर म्हणाले. पण तेवढ्यावर राहवलं नाही. "मुद्दा मात्र पटला त्यांना."