फोटोत नसलेले काका

लिफ्टवाल्या काकांनी वकिलातीचं पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि काकूंना हाक मारली.

"अगं, आपण दोघं एकत्र असलेले फोटो मागितलेत. लग्नापासूनचे."

"मग द्या की! कपाट भरून अल्बम आहेत. त्यांच्यावरची धूळ पुसायला मीच तर असते."

काका लिफ्ट दुरुस्त करायचे, म्हणून ते लिफ्टवाले. ते नागरिक एका देशाचे आणि सगळा संसार झाला दुसऱ्याच देशात, नोकरीच्या निमित्तानं. आता कंपनीनं त्यांना परत बोलावलं होतं. काकांचं तिकीटही आलं होतं. काकूंचा मात्र त्या देशाशी संबंध एवढाच, की तिथला एक नागरिक त्यांचा नवरा होता. हे वकिलातीला पटलं तर त्यांना तिथं कायम राहण्याचा व्हिसा मिळणार. नाही पटलं तर काकांनी पुढं जायचं आणि काकूंनी मागं राहून नव्यानं अर्ज करायचा. नव्या अर्जाला दोनेक वर्षं सहज जातात, असं वकिलातीच्या खिडकीतल्या माणसानं जांभई देत सांगितलं होतं. लग्नानंतर दोघं कधी आठवडाभरही वेगळे राहिले नव्हते. काकूंना एकटीला झोप लागत नसे आणि काकांना एकट्याला चहा करता येत नसे. यातली जास्त मोठी अडचण कोणती, यावर घरात दोन मतं होती.

अल्बम जमिनीवर मांडले गेले. पहिला फोटो लग्नाचा. नोंदणी कार्यालयात टेबलाशी बसून काकू सही करताहेत, शेजारच्या खुर्चीवर नुसताच एक कोट.

"तुम्ही कुठं आहात?" काकूंनी विचारलं.

"मी फोटो काढतोय ना! फोटोग्राफर आलाच नाही, विसरलीस? आणि नवा कोरा कॅमेरा तुझ्या मामाच्या हातात कोण देणार?"

पुढचं पान उलटलं आणि काकू विरघळल्या. पहिली भाड्याची खोली. ट्रंकेवर बसून चहा पिणाऱ्या सडपातळ काकू, मागच्या खिडकीत बस डेपो.

"अहो, ही खोली! शेवटची बस आत वळली की कपबशा वाजायच्या."

"आणि तू झोपेत म्हणायचीस, आली बाई एकदाची."

"याच भिंतीवर आरसा टांगताना अंगठा ठेचून घेतलात. नख दुभंगलं ते दुभंगलंच."

त्या खोलीत पावलोपावली काहीतरी अडायचं, आणि तरीही तिची आठवण आली की दोघांना तिथं परत जावंसं वाटायचं. मग पुलावरच्या काकू, पहिल्या वॉशिंग मशीनवर मालकिणीच्या थाटात हात ठेवलेल्या काकू, ऑपरेशननंतर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात उसनं हसणाऱ्या काकू. सगळीकडे काकूच काकू. आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात काकांचा अंगठा, कुठं नुसता गुलाबी डाग, कुठं चांगला नखासकट. त्यावरून काकू सुरुवातीला भांडल्या होत्या. पुढं भिंतीवरच्या ओलीसारखी त्यांना त्याची सवय झाली.

काकूंनी काढलेला काकांचा एकच फोटो सापडला. त्यात काका गळ्यापर्यंत होते.

"बिनडोक्याचा नवरा चालेल का हो त्यांना?"

"तुला चालला, त्यांनाही चालेल," काका म्हणाले खरं, पण त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तेवढ्यात काकूंचा धाकटा भाऊ आला. या मेहुण्याकडे कोणत्याही अडचणीवर तोडगा असे आणि त्या तोडग्यातून नवी अडचण निघे.

"हात्तिच्या! भाऊजी, एवढंच ना? येत्या रविवारी तुमचा अख्खा संसार काढून देतो."

रविवारी काकांचे केस काळे झाले. जुन्या फोटोंच्या काळात त्यांना मिशी नव्हती, म्हणून मिशीही गेली आणि तिच्याबरोबर हनुवटीचं थोडं कातडंही. त्यावर चिकटपट्टी लागली. काकूंचा जुना ड्रेस पुढून बसला, मागून बसेना. तिथं कपड्यांचे चिमटे लावले. कुंडी पुढं ओढली की सहल, सोफा ओढला की वाढदिवस, अशी मेहुण्यानं भराभर वर्षं उरकली.

"ताई, हस ना! ही तुमची अकरा वर्षांपूर्वीची सहल आहे."

"मला हे मुळीच पटत नाही," काकू म्हणाल्या.

"अगं, नवरा खरा, बायको खरी. नुसत्या तारखाच तर मागंपुढं केल्यात!"

काकू आणखी बोलणार होत्या, पण टीव्हीजवळ ठेवलेल्या त्या एकाच तिकिटाकडे त्यांची नजर गेली आणि त्या हसल्या.

मुलाखतीच्या दिवशी मेहुणा बाहेर थांबला. आत अधिकारी बाईंनी ते फोटो पत्त्यांसारखे टेबलावर मांडले आणि एकेक उचलून पाहिला.

"हनुवटीला काय लागलं होतं?"

"दाढी करताना कापलं," काका म्हणाले.

"केव्हा?"

"गेल्या रविवारी," काकांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

"मग अकरा वर्षांपूर्वीच्या सहलीत ही पट्टी कशी? वाढदिवसालाही तीच दिसतेय."

काकांच्या कपाळावर घाम फुटला आणि घामाबरोबर काळा रंगही उतरू लागला. काकूंनी पदराआड काही लपवायचं असल्यासारखी पिशवी घट्ट धरली होती. आता ती सरळ टेबलावर उपडी केली. सगळे अल्बम घसरत बाईंसमोर आले.

"बाई, ते खोटे आहेत. मला नको होते, तरी मी उभी राहिले, कारण हे एकटे गेले तर मला करमायचं नाही. खरे फोटो हे. त्यांत आमचे हे नाहीत. कॅमेरा कुणाच्या हाती देतील तर शपथ!"

बाईंनी एक अल्बम उघडला. मग दुसरा. मग लग्नाच्या फोटोवरून थेट शेवटच्या पानावर गेल्या आणि परत मागं आल्या.

"तुमचा उजवा हात दाखवा."

काकांनी भीत भीत हात पुढं केला. बाईंनी अंगठ्याचं दुभंगलेलं नख पाहिलं, वॉशिंग मशीनचा फोटो पाहिला, हॉस्पिटलचा पाहिला, पुलावरचा पाहिला. मग चेहरा गंभीर ठेवण्याची त्यांची धडपड फसली.

"इतकी वर्षं एकाच बाईचे इतके वाईट फोटो नवऱ्याशिवाय कुणी काढणार नाही," त्या म्हणाल्या. "हे अल्बम मी ठेवून घेते, पासपोर्टाबरोबर परत मिळतील. आणि ती नाटकं घेऊन जा. पुन्हा असलं केलंत तर दोघांनाही इथंच ठेवीन."

"दोघांना ना? मग चालेल," काकू म्हणून गेल्या.

पासपोर्ट व्हिसासकट हाती आला, त्या दिवशी मेहुणा वकिलातीच्या पायऱ्यांवर हजर होता. त्यानं दोघांना शेजारी उभं करून झकास फोटो काढला. डोकी शाबूत, डोळे उघडे, कोपरे स्वच्छ. काकूंनी तो पाहिला.

"छान आलाय," त्या म्हणाल्या, पण तेवढ्यावर त्यांचं समाधान होईना. त्यांनी कॅमेरा भावाच्या हातून काढून काकांना दिला आणि एकट्याच दोन पायऱ्या वर जाऊन उभ्या राहिल्या. "आता तुम्ही काढा."

काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. बाईंचं बोलणं मनाला लागलं असावं, कारण या वेळी त्यांनी आठवणीनं अंगठा बाजूला घेतला.

"अहो," काकू वरून म्हणाल्या, "राहू द्या तो तिथंच."