सदूकाकांची डबल बेल

आमच्या सदूकाकांच्या घरी पाहुण्याला तिकीट काढावं लागत नाही एवढंच. बाकी सगळा कारभार एसटीचा. पडवीपासून माजघर, तिथून स्वयंपाकघर अशी त्यांनी आढ्याखालून एक लांबलचक दोरी ओढलेली आहे. पडवीच्या टोकाला पितळी घंटा. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. चहा हवा असो, पानं घ्यायची असोत, बाहेर निघायचं असो, काका हात वर करतात, ठण ठण करतात आणि म्हणतात, "हां, जाऊ द्या!"

गंमत म्हणजे दोरीच्या स्वयंपाकघरातल्या टोकाला घंटा नाही. तिथे एक लाल फडकं बांधलेलं आहे. काकांनी पडवीत दोरी ओढली की ते फडकं इंदूकाकूच्या नाकासमोर, शेगडीच्या वर, टुणकन उडी मारतं. मी एकदा विचारलं, "काका, इकडे घंटा का नाही?"

"इंजिनाजवळ घंटा नसते," काका म्हणाले.

त्यांची सगळी नोकरी कंडक्टर म्हणून मुंबई गाडीवर गेली. निवृत्त होऊन हर्णैला घरी बसले ते फक्त शरीराने. देवळातल्या रांगेत ते अजून "पुढे सरका, आत जागा आहे" म्हणतात. माझ्या लग्नात भटजींनी मंगलाष्टकं जरा लवकर आटपली आणि अंतरपाट काढायला घेतला, तर काकांनी त्याचं एक टोक गच्च धरून ठेवलं. "अजून वेळ व्हायची आहे. वेळेआधी गाडी सोडायची नाही." मी हार घेऊन हात वर करून उभा. पलीकडून बायकोचा आवाज आला, "कोण आहेत हे?" आमच्या संसारातला तो पहिला संवाद, आणि तो अंतरपाटाआडून झाला.

गेल्या दोन-तीन वर्षांत काकांना एक नवीनच सवय लागली. कोणी काही बोललं की ते पुढचा स्टॉप पुकारावा तसं मोठ्यांदा परत म्हणायचे, आणि तेही काकूकडे तोंड करून. माझी बायको म्हणाली, "काकू, कुळथाची पिठी छान झालीय." लगेच काका उठून काकूसमोर उभे. "पिठी! कुळथाची पिठी छान झालीय म्हणते! आहे का कोणी पिठीवालं?" काकू हसून वाढायला वाकायची. घरी परतताना बायको म्हणाली, "तुमचे काका कामातून गेले हो." मी रत्नागिरीत लग्नपत्रिका छापतो, तरी आजाराचं निदान करायचा मला फार सोस. मीही मान डोलावली आणि दोन-तीन भारी रोगांची नावं घेतली.

आता इंदूकाकूबद्दल. काकू हर्णैचीच. तिच्या वडिलांचा मालाचा मचवा होता. कौलं, सुपारी, नारळ भरून ते मुंबईला जायचे. काकू लहानपणी अंजर्ल्याच्या खाडीत वडिलांच्या छोट्या होडीचं सुकाणू धरायची, आणि बंदरावरच्या मुलग्यांपेक्षा चांगलं धरायची. पण मुलींना खाडीपर्यंतच. खाडीच्या मुखाशी आलं की वडील सुकाणू स्वतःकडे घ्यायचे आणि तिला उतरवायचे.

समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. जन्मल्यापासून काकूने त्याची एकच बाजू बघितली, किनाऱ्याकडची. मागच्या बाजूबद्दल वडील सांगायचे, "तिथं एक कपार आहे. लाट आत शिरली की आतून असा आवाज येतो, जसा म्हातारा खोकतोय. किल्ल्यामागे दर्या खोकतो." ही गोष्ट काकूने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात काकांना सांगितली आणि काका म्हणाले, "तुला तो खोकला ऐकवणार. सुकाणू तू धर, मी नुसता बसतो."

मग ड्युट्या आल्या, मुलं आली, मुलांच्या परीक्षा आल्या. काकांनी अख्ख्या तालुक्याला मुंबई दाखवली, पण बायकोला समोरच्या किल्ल्याची पाठ दाखवायची राहून गेली.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी शिडाची होडी मिळवली. बंदरावरच्या हसनचाचांनी, जन्म जहाजावर काढलेल्या माणसाने, त्यांना शीड चढवायला, उतरवायला शिकवलं. इंजिन बसवा म्हणून सगळ्यांनी सांगून बघितलं. काका ऐकेनात. "इंजिनाच्या फटफटीत खोकला ऐकू यायचा कसा?" होडी रंगवून झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? डोलकाठीला घंटा बांधली.

दिवाळी झाल्यावर मला फोन आला. "रव्या, रविवारी ये. गाडीत एक प्रवासी पाहिजे."

"मला पोहता येत नाही, काका."

"पोहायला कोण सांगतंय? मधोमध बसायचं. तुझं वजन कामाचं आहे."

माझ्या वजनाची कोणीतरी पहिल्यांदाच कदर केली होती. मी गेलो. दारावर खडूने लिहिलेला बोर्ड होता: हर्णै – किल्ला, मागील बाजू – हर्णै. सुटण्याची वेळ सकाळी ८. ही वेळ हसनचाचांनी काढून दिलेली. "सदूभाव, आठला सुटलात तर भर भरतीला मागं पोचाल. तेव्हाच खोकतो तो."

पण त्या रविवारी पहाटेपासून पाऊस. दिवाळी होऊन गेली तरी पाऊस गेला नव्हता, नुसता दबा धरून होता. मी परतलो आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर झालो. आकाश साफ. बोर्ड तोच. वेळ तीच.

काकूने अंगणातून पाण्याकडे नजर टाकली. "अहो, आठवडा झाला, भरतीची वेळ बदलली. पाणी उतरतंय बघा. दुपारी निघूया, भरतीला."

"बोर्डावर आठ लिहिलंय."

"भरती काय तुमच्या डेपोतून सुटते?"

काकांनी बोर्डाकडे बोट केलं. काकूने पदर खोचला आणि ती चालू लागली. आयुष्यभर जिची वाट बघितली त्या फेरीला ती चुकीच्या वेळेला निघाली होती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. मला काहीच ठाऊक नव्हतं. मी पोटातल्या पोह्यांचा विचार करत होतो.

होडी चिखलातून ढकलत नेताना माझी एक चप्पल दर्याला गेली. काकू सुकाणूपाशी बसली. काकांनी खिशातून लाल दोरा काढला, एक टोक तिच्या मनगटाला बांधलं, दुसरं स्वतःच्या.

"हे काय, काका?"

"ड्रायव्हरच्या हाताला कंडक्टरची दोरी." मग डोलकाठीची घंटा ठण ठण. "हां, जाऊ द्या!"

सुटताना वारा असा गोड होता की मी एक गाणंसुद्धा गुणगुणलो. काकू ताठ बसली होती. तिचा चेहरा मी इतका तरुण कधी बघितला नव्हता. शीड भरलं, किल्ल्याचा तट जवळ आला, मोठा झाला, आणि मग केळशीच्या बाजूने एक काळा ढग निघाला. दहा माणसांनी एकदम फुंकर मारावी तसा वारा आला. पाऊस आडवा. होडी एका कुशीवर झाली आणि माझे पोहे चपलेच्या शोधात गेले.

मी काठावरून मान वर केली तर समोर, अगदी समोर, फेसातून खडकाचं एक काळं डोकं वर आलेलं. शिडामुळे काकूला ते दिसत नव्हतं.

"काकू, खडक! काकू, वळव!"

काकू माझ्यापासून दोन हातांवर होती. तिची नजर शिडाच्या टोकावर. मी पुन्हा ओरडलो. बेंबीच्या देठापासून ओरडलो. तिने पापणीसुद्धा हलवली नाही.

काकांचे दोन्ही हात शिडाच्या दोरीत अडकलेले. त्यांनी मान खाली घातली, मनगटाचा लाल दोरा दातांत धरला आणि एक हिसडा दिला. काकूने तत्काळ त्यांच्याकडे बघितलं. काकांनी हनुवटी उजवीकडे उडवली. काकूने सुकाणू रेटलं आणि तो खडक आमच्या डावीकडून, हात लावता येईल इतक्या जवळून, मागे गेला.

पडवीतून निघणारी ती दोरी, शेगडीवर उडी मारणारं फडकं, "पिठी छान झालीय म्हणते!" सगळं एकदम माझ्या डोळ्यांसमोर ओळीने येऊन उभं राहिलं. गेली दोन-तीन वर्षं मी काकांचं डोकं फिरलं म्हणून सगळ्या नातेवाइकांना सांगत फिरत होतो.

"काका," मी म्हणालो, "काकूला..."

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या मिशीवरून पाणी गळत होतं. "चालकाशी बोलू नये," ते म्हणाले. "गाडीत लिहिलेलं असतं."

मग हळूच, सुकाणूकडे पाठ करून म्हणाले, "तिचे बाबा शेवटी बहिरे झाले होते. बंदरावर पोरं नकला करायची त्यांच्या. तिनं बघितलंय ते. ती बोलत नाही, मी विचारत नाही. माझं काय, मी वेडा म्हणून चालतो."

ढग आला तसा गेला. आम्ही किल्ल्याच्या मागे पोहोचलो तेव्हा वारा पडला होता आणि उन्हात सगळा तट ओला चमकत होता. मागची बाजू! काकूने दोन्ही हातांनी कपाळावर सावली धरली. फटींतून वाढलेली झाडं, घारीचं घरटं, खाली शेवाळलेले खडक. ती एकेक गोष्ट अशी बघत होती, जशी सासरी आलेल्या माहेरच्या माणसाच्या पिशवीतली एकेक वस्तू बाहेर काढावी.

आणि ती कपार. वडिलांनी सांगितली होती तिथेच. पण ओहोटीने पाणी खाली गेलेलं आणि कपार कोरडीठाक. तिच्या तोंडाशी दोन खेकडे ऊन खात बसले होते. खाली पाणी मांजराने दूध प्यावं तसं लपलप करत होतं. खोकला सोडा, दर्याला साधी उचकीही लागली नव्हती.

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी कपारीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि मला वाटतं जन्मात पहिल्यांदा त्यांना घड्याळाचा राग आला. मग त्यांनी घसा साफ केला, काकूसमोर आले, आणि एकेक अक्षर सुटं करत विचारलं, "ऐकलंस का गो?"

काकूने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं.

"ऐकलं की!" ती म्हणाली. "अगदी बाबा सांगायचे तसा."

"मी पण ऐकला," काका म्हणाले. "चांगला दणदणीत होता. काय रे रव्या?"

"दणदणीत," मी म्हणालो.

परतीला वाऱ्याने मनावर घेतलं आणि आम्ही सुखरूप किनाऱ्याला लागलो. काकांनी घंटेचा एक टोला दिला. "हर्णै! उतरून घ्या!"

दुपारी मी निघायच्या तयारीत होतो. काकू स्वयंपाकघरात मला द्यायला आमसुलं बांधत होती. मी तिच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि शक्य तेवढं तोंड उघडून म्हणालो, "का-कू, ये-तो."

"एवढा जबडा फाडू नकोस मेल्या, तुझ्या काकांसारखा," ती म्हणाली. "ओठ हलले तरी कळतं मला."

ती हसली. "आज कळलं ना तुला? त्यांना वाटतं, मला काही पत्ता नाही. या घरात लाल फडकं उगाच नाचतंय असं मला वाटतं म्हणे!"

"मग काकू, तो खोकला..."

"अरे, ओहोटीला कोरडी कपार खोकते कधी? कान गेलेत माझे, अक्कल नाही गेली."

"मग 'ऐकलं' असं का म्हणालीस?"

"त्यांचा चेहरा बघितलास?" काकूने पुडीला दोरा गुंडाळला. गाठ मारायला तिला जरा वेळ लागला. "इतकी वर्षं मनात धरून ठेवलं त्या माणसानं. आज काही नाही म्हणून कसं सांगायचं?" मग दाराकडे नजर टाकून ती म्हणाली, "रव्या, रत्नागिरीला कानाचा डॉक्टर चांगला आहे का रे कुणी? ते यंत्र मिळतं ना, कानात घालायचं? माझ्या मनात नव्हतं कधी. पण ती मागची बाजू बघितली आणि वाटलं, एवढ्या जवळ जाऊन नुसतं बघूनच यायचं? भरतीला पुन्हा जाईन. तेव्हा खरं ऐकायचंय."

"नेतो. याच आठवड्यात ये. काकांना सांगू?"

"मी सांगेन. पण एक आहे, यंत्र आलं तरी दोऱ्या काढू द्यायच्या नाहीत त्यांना."

तेवढ्यात शेगडीवरच्या लाल फडक्याने दोन उड्या मारल्या.

"बघ, डबल बेल. सुट आता, नाहीतर गाडी चुकायच्या आधी ते रागावतील."

पडवीत आलो तर काका दारासमोर उभे. बोर्डावरचा आठचा आकडा कोणीतरी ओल्या हाताने पुसला होता. त्या जागी काकूच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: सुटण्याची वेळ – भरती बघून.

काका ते पुन्हा पुन्हा वाचत होते. मला वाटलं आता नियम काढतील, वाद घालतील. त्यांनी खिशातून खडू काढला, जरा विचार केला, खडू परत खिशात ठेवला. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे काकू पदराला हात पुसत उभी होती.

त्यांनी हात वर केला आणि दोरी ओढली. दोनदा.