आप्पांची यमुना

कोरीटच्या खळ्यावर मिरची वाळत घातलेली असता जगन आप्पांच्या अनुज्ञेवाचून तेथे पाऊल टाकणे म्हणजे दोन सैन्यांच्या मधोमध उभे राहणे होय. इतर शेतकरी मिरची सरसकट पसरतात. आप्पा तिच्या दोन फळ्या करीत. मध्ये रिकामी पट्टी, आणि उगवतीच्या अंगाला पाण्याने काठोकाठ भरलेली बादली. ती पानिपतची यमुना. मी प्रथम गेलो तेव्हा नकळत बादलीशेजारून आत शिरलो, तोच काठी उंचावून ते गरजले, "तथाईन नका येवा, गुरुजी! रसद तुटी जाई!" मी संस्कृताचा निवृत्त शिक्षक; रणांगणाशी माझा परिचय गीतेच्या पहिल्या अध्यायापुरता. मी निमूटपणे वळसा घेतला.

त्यांचे सारे बोलणे असे लष्करी. नंदुरबारच्या बाजारास निघणे ही कूच, रिक्षावाल्याशी भाडे ठरवणे हा तह. माझ्या गुडघ्याचे दुखणे ऐकून त्यांनी एवढेच उद्गार काढले, "घोडा थकना." वहिनी हयात होत्या तेव्हा चहा देताना हसून म्हणत, "गुरुजी, यासले कोठे सरदारी दखा ना. मन्हा जीव सुटी!"

वहिनी गेल्या, आणि त्याच वर्षीपासून आप्पा दर हिवाळ्यात पानिपतास जाऊ लागले. एकुलता एक मुलगा नितीन दिल्लीस नोकरीला. तो सुटी काढून वडिलांना रणभूमीवर घेऊन जाई.

"आप्पा, एकदा पाहिलेले पुन्हा काय पाहता?" मी एकदा विचारले.

"गुरुजी, तुमी गीता एकच दाव वाचेल शे का?"

पुढच्या हिवाळ्यात कुरुक्षेत्राच्या दर्शनाची माझी जुनी इच्छा घेऊन मीही त्यांच्यासोबत निघालो. वाटेत पानिपत ठरलेलेच होते. गाडीत आप्पांनी दुधात मळलेल्या दशम्या आणि मिरचीचा ठेचा काढला व माझ्यापुढे 'रसद' मांडली.

रणभूमीवर धुके होते. स्मारकाभोवती शांत बाग, पलीकडे गव्हाची हिरवळ. नितीन मोबाईलमध्ये मान घालून चालत होता. आप्पांनी अकस्मात मावळतीकडे काठी रोखली.

"नितीन, यमुना तथी ना रे?"

"काय आप्पा! दरसाल तेच! यमुना उगवतीले शे." त्याने मोबाईल खिशात टाकला, काटकी घेतली आणि जमिनीवर रेघा ओढू लागला. आप्पांनी उजवी फळी डावी म्हटली. त्याने ती जागेवर आणली. आप्पांनी तोफा भलतीकडे नेल्या. त्याने हसत परत आणल्या. "तुमना हातमा फौज दिधी ना आप्पा, ते नाश्तानं पहिलेच हारतूत!" असे बोलता बोलता मोर्चे संपले. मग कचेरीतले तंटे निघाले, खोलीवरचे एकटेपण निघाले, आईच्या हातची डाळीची फुणकी निघाली. दुपार कलली. पुराणश्रवणास बसलेल्या भाविकाप्रमाणे आप्पा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. मध्ये एकदाही त्यांनी कूच म्हटले नाही की तह म्हटले नाही.

परतीच्या गाडीत मी हळूच विचारले, "आप्पा, खळ्यावरची बादली तर उगवतीला असते."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. "गुरुजी, तुमी चूप ऱ्हावा. फोनवर त्याले इचारो, 'कसा शे रे?', ते म्हनस, 'मजामा'. खलास! पानिपतले यमुना चुकनी का आख्खा दिन बोलस."

मी चूप राहिलो. आजवर राहिलो.

यंदा मात्र कोरीटला गेलो तेव्हा खळ्यावर मिरची सरसकट पसरलेली दिसली. बादली विहिरीजवळ पालथी पडली होती. नितीनची बदली बंगळूरला झाली होती. आप्पा बाजेवर बसून होते. म्हणाले, "गुरुजी, तुमनं वाचन दांडगं. बंगळूरना जवळ कोठे लढाई व्हयेल शे का?"

मी स्मरण केले. "श्रीरंगपट्टण आहे. गाडीने दोन-तीन तास."

"नदी शे?"

"आहे. कावेरी."

"कोनती बाजूले?"

"दोन्ही बाजूंना. ते बेटच आहे, आप्पा."

आप्पांनी काठीने धुळीत एक वर्तुळ काढले आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक रेघ ओढली.

"दोन्ही बाजूले? मंग ते चुकनं मोठं कठीन शे, गुरुजी."