एसटीच्या मागची पिकअप

आमच्या न्हावऱ्याचे बबनमामा बायकोला एसटीत बसवून द्यायचे आणि मग स्वतःची पिकअप घेऊन त्याच एसटीच्या मागून निघायचे. वाटेत हात दाखवणाऱ्याला घ्यायला एसटी थांबली की मामाही थांबत. शिरूरच्या स्टँडवर मामी उतरत, दोघं मिळून चहा पीत, आणि मामी माहेरच्या, केंदूरच्या गाडीत चढल्या की मामा पुन्हा त्या गाडीच्या मागे. पिकअपमधली ड्रायव्हरशेजारची सीट रिकामीच. कुणी विचारलं तर मामी सांगत, "बायकांना अर्धं तिकीट हाय, डिझेल कशाला जाळायचं?" मागून जळत येणाऱ्या डिझेलचं काय, हे विचारायची गावात कुणाची छाती नव्हती.

मामा माझे शेजारी. दौंडला रेल्वेत होते, मालगाडीच्या डब्यांचे ब्रेक तपासायचे. निवृत्त होऊन गावी आले, म्हशी घेतल्या, कांदा लावला, जुनी पिकअप घेतली. रेल्वे सुटली, ब्रेक काही सुटला नाही. कुणाच्या दारात नवी गाडी आली की लोक पेढे मागतात. मामा गुडघ्यावर बसून चाकाच्या आत बघतात. पुतणीला बघायला मुलगा आला, तर त्याचा पगार राहिला बाजूला, यांनी आधी त्याच्या मोटरसायकलचा मागचा ब्रेक दाबून पाहिला आणि आत येऊन सांगितलं की पोरगं बेफिकीर आहे. "पळायला काय, कुत्रंबी पळतं. थांबायला अक्कल लागती," हे त्यांचं ब्रीद.

अशा माणसाची गाडी थांबू नये, आणि तीही सासुरवाडीत, याला नशीबच म्हणायचं. मामींच्या भाचीच्या हळदीला दोघं पिकअपनं केंदूरला गेले होते. मागे तांदळाची पोती. मामींच्या भावाच्या घराकडे उतार आहे. मामांनी ब्रेक दाबला, पण पिकअपनं मनावर घेतलं नाही. घाई न करता ती मांडवात शिरली, दोन खांब पाडले आणि पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, फक्त मांडव नवरीच्या डोक्यावर आला. मामी खाली उतरल्या, पदर सावरला आणि सगळ्या माहेरासमोर म्हणाल्या, "आजपास्नं मी ह्या गाडीत पाय ठिवायची न्हाई."

आणि त्यांनी तो ठेवला नाही. मामांनी तोंडानं कधी मनधरणी केली नाही. त्यांनी पाने-पकडी उचलल्या.

आधी कितीतरी दिवस ते मागच्या ब्रेकचे ड्रम उघडायचे आणि परत लावायचे. मग एक दिवस ठरवलं की मागच्या दोन चाकांना जोडणारा अख्खा धुराच बदलायचा आणि डिस्क ब्रेक बसवायचे. दौंडच्या एका भंगारवाल्याकडे त्यांना मोठ्या गाडीचा धुरा मिळाला, डिस्कसकट. तो दारात उतरला तेव्हा मामांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. माझी कंपनीत दुसरी पाळी, त्यामुळे सकाळी मी मोकळा, आणि मामांच्या लेखी मोकळा माणूस म्हणजे जॅक.

धुरा जुन्यापेक्षा रुंद निघाला. धुऱ्यावरच्या ज्या बैठकांवर स्प्रिंगचे पाटे बसतात त्या कापून वेल्डिंगवाल्याकडून नव्यानं जोडून घेतल्या. सगळं कसून झाल्यावर मामांनी नारळ फोडला. आळी जमली. मामीसुद्धा दारात येऊन उभ्या राहिल्या. मामांनी पहिला गिअर टाकला आणि पिकअप मागे गेली, थेट कडब्याच्या गंजीत. घाबरून त्यांनी दुसरा टाकला, तर ती आणखी आत. बैठका उलट्या बाजूला जोडल्या गेल्या होत्या. त्यामुळे धुरा उताणा बसला होता आणि चाकं उलटी फिरत होती. रिव्हर्स टाकला तेव्हा गाडी रुबाबात पुढे आली. आळी पोट धरून हसली. मामी तोंडाला पदर लावून आत गेल्या.

मामा कडबा झटकत माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "हसली रं ती. बघितलंस का?"

पुन्हा कापाकापी, पुन्हा वेल्डिंग. मग ब्रेकमधली हवा काढायचं काम. मामा चाकाशी आडवे, मी पेडलवर. दाब, धर, सोड. दाब, धर, सोड. माझी पोटरी भरून आली तसं मी म्हटलं, मामा, झाली असेल आता. खालून आवाज आला, "तुजी मामी बसायचीया ह्यात." मी दाबत राहिलो.

परीक्षा घ्यायला मामांनी मला शेजारी बसवून हातात दुधानं भरलेला तांब्या दिला. गाडी जागच्या जागी थांबली आणि दूध माझ्या शर्टावर आलं. मामांना शर्टाचं काहीच वाटलं नाही. मागची चाकं दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत होती, तिकडे आम्ही दोघांनी कानाडोळा केला.

मग मामींच्या भावाच्या नातवाचं जावळ आलं. मामी पिशवी घेऊन नेहमीसारख्या एसटीच्या थांब्यावर उभ्या होत्या. मीही मुद्दाम गेलो होतो. मामांनी गाडी नेमकी मामींच्या पुढ्यात आणली, अलगद थांबवली आणि दार उघडून द्यायला ऐटीत खाली उतरले. पिकअप उतारानं चालू लागली. हँडब्रेक जुन्या ड्रमबरोबर भंगारात गेला होता, आणि जन्मभर ब्रेक तपासलेल्या माणसाला नव्या डिस्कला तो जोडायचं सुचलंच नव्हतं. एका बाजूनं मामा पळाले, दुसऱ्या बाजूनं मी. मामींनी पिशवी खाली ठेवली, रस्त्याकडेचा दगड उचलला आणि चाकापुढे ठेवला. गाडी थांबली.

मामांकडे बघवेना. "जा तू एसटीनं," ते म्हणाले. "मी येतो मागनं."

मामींनी त्यांना स्टिअरिंगवर जाऊन ब्रेक दाबून धरायला लावलं. मग दगड काढला, त्याची माती झटकली आणि तो मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसल्या. "थांबवायचं तुमी बगा," म्हणाल्या. "उभी ठिवायचं माझ्याकडं."

मी खिडकीशी जाऊन मामींना चिडवलं, आता भीती कुठं गेली?

"भीती माझ्या जिवाची नव्हती," मामी म्हणाल्या. "एसटीत मी कवाच पुढं बसले न्हाई. पार मागच्या शिटावर बसायची. हाडं खिळखिळी झाली. पर मागच्या काचंतनं ह्यांची गाडी दिसायची. कुठं थांबली न्हाई, तर मला कळाय नगं?"

मामा इतकी वर्षं समजत होते की आपणच तिच्या मागावर आहोत. मला त्या क्षणी दोघांचाही हेवा वाटला. मामा समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिले, आणि हाताखालचा पहिला गिअर सापडायला त्यांना बराच वेळ लागला.