हिंदुराव मिस्त्रींचं तिसरं पेडल

हिंदुराव मिस्त्रींना गाडीत शेजारी बसवलं की थोड्याच वेळात त्यांचा डावा पाय पायाखालची चटई क्लच समजून दाबायला लागे. वळण आलं की दाब, सिग्नल आला की दाब. त्याच वेळी उजवा हात दाराच्या हँडलशी झटापट करत गिअर बदलत असे. एकदा त्या नादात त्यांनी चालत्या गाडीचं दार उघडलं होतं आणि वर मलाच विचारलं होतं, "सायब, थर्डला एवढा आवाज का करतीया?"

ही गोष्ट ऐंशी सालाच्या आगेमागची. मी कतारमध्ये एका कंत्राटदार कंपनीत सर्व्हेयर होतो, म्हणजे वाळवंटात खुंट्या मारत हिंडणारा पुणेकर. मुऐदर गावाच्या वाटेवर आमचं यार्ड होतं आणि तिथल्या वर्कशॉपचे राजे म्हणजे हिंदुराव. माणूस कराडच्या पलीकडचा, पन्नाशी ओलांडलेला. बायको गावी, आणि हे दोन वर्षांतून एकदा तिला भेटून, घराला रंग देऊन परत येत.

त्या काळात आमच्या लोकांना लांबलचक अमेरिकन गाड्यांचं वेड लागलं होतं. पुण्यात सायकलचं पंक्चर स्वतः काढणारा गृहस्थ इथे सहा महिन्यांत, "आता क्लच दाबवत नाही हो," असं कण्हायला लागे. गावी पाठवलेल्या फोटोत बायकोमुलांच्या आधी बॉनेट दिसे. या सगळ्या वैभवावर मिस्त्रींचा एकच सवाल असे: "गाडी आपली आपन गिअर टाकती. मग तुमच्या हातात काय ऱ्हायलं?"

'ऑटोमॅटिक' ही त्यांची ठेवणीतली शिवी होती. हो ला हो करणारा टाइमकीपर ऑटोमॅटिक. पिशवी बुडवून केलेला चहा ऑटोमॅटिक. सुट्टीच्या शुक्रवारी ते आमच्याकडे भाकरी खायला येत. एकदा बायकोने कौतुकाने नवं वॉशिंग मशीन दाखवलं. मिस्त्री त्याच्यासमोर उकिडवे बसले, एक पूर्ण धुणं संपेपर्यंत पाहत राहिले आणि म्हणाले, "वैनी, हे धूत न्हाई, नुसतं इचार करतंय." इंग्रजी शाळेत जाणारी आमची मुलगी त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची. तिच्याविषयीही त्यांचं निदान झालं होतं. मराठी घातलं की इंग्रजी भाईर येतंय, म्हणजे पोरगी ऑटोमॅटिक.

तर अशा माणसाच्या ताब्यात मला मिळालेली पिकअप आली.

उत्तरेला मदिनत अश शमालच्याही पुढे एका रस्त्याची आखणी करायला मला तीन महिने जायचं होतं. कंपनीने दिलेली पिकअप जुनी अमेरिकन होती. इंजिन ठणठणीत, आणि अर्थातच ऑटोमॅटिक. मिस्त्रींनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, संगं कोण? मी म्हणालो, मोजणीची साखळी धरायला एक माणूस, बाकी मी. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलाशी येऊन मॅनेजरच्या नावे अर्ज लिहून मागितला. ऑटोमॅटिक काढून साधा गिअरबॉक्स बसवण्याची परवानगी हवी होती.

अर्जात कारणं कोणती घालायची ते रोज बदलत होतं. आधी म्हणे पेट्रोल जास्त पितीय. मग तेल गळतंय. शेवटी, "लिवा, गिअरबॉक्सची नियत चांगली न्हाई." मी ते जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं आणि संध्याकाळी यार्डाच्या मेसमध्ये जाऊन सगळ्यांना वाचून दाखवलं. जेवताना लोकांना ठसका लागला.

आमचे मॅनेजर दीक्षितसाहेब. त्यांनी अर्जावर लाल शाईने लिहिलं की चालत्या गाडीला हात लावू नये, आणि पुतण्याच्या मुंजीसाठी महिनाभर रजेवर गेले. मिस्त्रींना एवढी सवलत पुरली. भंगारात त्याच जातीची एक उलटलेली पिकअप पडली होती. तिचा गिअरबॉक्स, फ्लायव्हील, क्लच आणि पेडलं त्यांनी उतरवून आणली. चार शुक्रवार ते गाडीखाली होते. केबिनच्या पत्र्याला त्यांनी गिअरच्या दांड्यासाठी भोक पाडलं, लांबी जमेना म्हणून मागचा शाफ्ट कापून जोडला, क्रँकच्या टोकाला लागणारा इवलासा पितळी बुश स्वतः लेथवर कातला. सगळं बसल्यावर गाडी सुरूच होईना. आधी ऑटोमॅटिकचा दांडा 'पार्क'मध्ये आणा असा तिचा हट्ट होता आणि पार्क तर भंगारात गेलं होतं. मिस्त्रींनी दोन वायरी एकत्र पिळल्या. "खलास," ते म्हणाले, आणि गाडी लागली.

दीक्षितसाहेब परतले ते नेमके त्याच पिकअपमध्ये बसायला. साहेब ऑटोमॅटिक गाडी दोन पायांनी चालवत, उजवा गॅसवर, डावा ब्रेकवर. कुणीतरी यार्डात गाडी पहिल्या गिअरला टाकून ठेवली होती, त्यामुळे किल्ली फिरवताच ती चालायला लागली. समोर रिकाम्या डांबराच्या पिंपांची रास आली तेव्हा साहेबांनी सवयीने डावा पाय जिवाच्या आकांताने दाबला. डाव्या पायाखाली आता क्लच होता. इंजिन किंचाळलं आणि पिकअप डौलात पिंपांत शिरली. गाडीला ओरखडाही आला नाही. साहेबांच्या चष्म्याची एक काच गेली आणि यार्डभर पिंपं गडगडत असताना ते उरलेल्या काचेतून मिस्त्रींना शोधत होते.

हुकूम निघाला. गुरुवार संध्याकाळपर्यंत ऑटोमॅटिक परत बसवा, नाहीतर व्हिसा कॅन्सल, पहिल्या विमानाने गाव. मिस्त्री म्हणाले, व्हिसा कॅन्सल करा, गिअर ऱ्हाईल.

शनिवारी मला निघायचं होतं. गुरुवारी दुपारी मी समजूत घालायला गेलो. ते ऑइलच्या डब्यावर बसून डबा खात होते. एका दांडक्यापायी चांगली नोकरी घालवू नका, या वयात असला हट्ट शोभत नाही, असं बरंच मी सुनावलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"सायब, बॅटरी बसली तर ऑटोमॅटिक ढकलून चालू होत न्हाई."

मला ते माहीत नव्हतं. तरी मी मान हलवली.

"आमाला ठावं न्हवतं," ते म्हणाले.

ते कतारला आले त्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. कंपनी दुसरी होती. शेजारच्या गावचा शंकर ड्रायव्हर, हे मिस्त्री, आणि शमालकडच्या माळावर एक ऑटोमॅटिक पिकअप. जेवायला थांबले, गाडी बंद केली, ती पुन्हा लागेना. दोघांपैकी कुणीच त्याआधी आयुष्यात ऑटोमॅटिक पाहिली नव्हती. गावाकडे तर रोजच ट्रक ढकलून चालू करायचे. म्हणून त्यांनी ढकलायला सुरुवात केली. एकाने बसायचं, एकाने ढकलायचं. मग पाणी प्यायचं, जागा बदलायच्या, पुन्हा ढकलायचं. दुपार टळेपर्यंत हेच चाललं आणि पाणी संपलं.

"शंकर सारखा इचारायचा, मिस्त्री, का लागंना? मी म्हनायचो, जोर कमी पडतोय."

शंकर गाडीच्या सावलीत बसला तो उठलाच नाही. दिवस मावळताना एका बदू अरबाचा ट्रक आला तेव्हा मिस्त्री त्याला पदरानं घालावा तसा शर्टाने वारा घालत होते. हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. एवढंच म्हणाले, "त्यो ड्रायव्हर हुता. मिस्त्री मी हुतो. मला ठावं पायजे हुतं."

हे अर्जात का नाही सांगितलंत, मी विचारलं. ते खरोखरच गोंधळले. "अर्जात कसं लिवत्यात ते?"

तो अर्ज वाचून मी मेसमध्ये लोकांना हसवलं होतं. इतकी लाज मला पूर्वी कधी वाटली नव्हती. मी ऑफिसात गेलो आणि लिहून दिलं की गिअर माझ्या मागणीवरून बसवला आहे, तो काढला तर मी शमालला जाणार नाही, आणि व्हिसा कॅन्सल करायचा तर आधी माझा करावा. दीक्षितसाहेबांना मिस्त्री नको होते, पण खुंट्या हव्या होत्या आणि दुसरा सर्व्हेयर नव्हता. त्यांनी कागद फायलीत घातला आणि नवा चष्मा करायला गेले.

शनिवारी सकाळी सामान चढवून मी किल्ली फिरवणार, तोच मिस्त्रींनी हात धरला. स्टार्टरची वायर काढून त्यांनी तो मुका केला होता, आता गाडी ढकलूनच लागणार होती. "सेकंड टाका. क्लच दाबून धरा. मी म्हनलं की सोडा." चार माणसं धावत आली, त्यांना त्यांनी हातानेच लांब केलं आणि मागच्या फळीला एकट्याने खांदा लावला. पिकअप हलली. चार पावलं, दहा पावलं. "सोडा," ते म्हणाले. एक हिसका बसला आणि इंजिन धडधडायला लागलं.

मी थांबून मागे पाहिलं. मिस्त्री गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होते. सावकाश चालत खिडकीशी आले. घामाने चेहरा निथळत होता, डोळे लाल झाले होते, आणि ते माझ्याकडे पाहत नव्हते.

"बंद करा," ते म्हणाले.

मी बंद केली. ते पुन्हा मागे गेले. किती वेळा ते मी मोजलं नाही. ऊन चढत होतं, पुढे लांबचा पल्ला होता, आणि मी सेकंड टाकून, क्लच दाबून त्यांच्या शब्दाची वाट बघत बसलो होतो. गाडी दर वेळी लागत होती.