मंद आचेचा बार

सरस्वतीबाईंनी कागदावर बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचलं, तरी शेवटचा शब्द तोच निघाला. बार.

"मीनलताई, हे बार म्हणजे काय?"

"हा दह्याचा चीजकेक, त्याच्या वड्याच हो. लांबट कापायच्या, म्हणून बार." मीनलताईंनी मासिक पुढे केलं. फोटोत पांढऱ्याशुभ्र वड्या होत्या आणि त्यांच्यावर जांभळ्या नागमोडी रेघा. "बहिणीनं अमेरिकेहून पाठवलंय. मी सगळं मराठीत उतरवून दिलंय तुम्हाला. चकल्या-लाडू काय, आम्हाला दहा जणी आणून देतात. कमिटीला नवीन काहीतरी हवंय. रविवारी पाच वाजता हे घेऊन या. जमलं तर क्लबचं दर रविवारचं खाणं तुमच्या मंडळाकडे."

मीनलताई अंबरनाथच्या एका कारखान्यातल्या साहेबांच्या पत्नी, ऑफिसरांच्या क्लबच्या सेक्रेटरी. सरस्वतीबाई बुवापाड्यातल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. मंडळात बायका नऊ. नऊही जणी एका कंपनीत बाटल्यांना लेबलं चिकटवायच्या. गेल्या दिवाळीनंतर कंपनीत लेबलं चिकटवणारं यंत्र आलं आणि नऊही जणी एकाच दिवशी घरी बसल्या. तेव्हापासून सरस्वतीबाई नऊ जणींचं मिळून एक काम शोधत होत्या.

"जमेल," त्या म्हणाल्या.

चीजकेक हा शब्द त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला होता. पण विहारातल्या संध्याकाळच्या वर्गाला बसून ज्या बाईनं सत्तेचाळिसाव्या वर्षी बाराखडी काढली, आणि नाल्याकडची दारूची भट्टी मुसळानं फोडली, तिला दह्याच्या वड्यांनी काय भ्यायचं?

घरी येऊन त्यांनी फक्त वेणूला सांगितलं. फसलं तर बाकीच्यांचा जीव उगाच टांगणीला नको. वेणूनं कागद वाचला. चक्का होता, ग्लुकोजच्या बिस्किटांचा चुरा होता, लोणी, साखर, अंडी. एका शब्दावर ती अडली.

"ही ब्लूबेरी कुठली बाई?"

"ब्लू म्हंजे निळं, एवढं कळतंय."

"मग जांभळंच की वो! आमच्या बेलवलीत पोरं तोंड निळं होईस्तोवर खातात." दुसऱ्याच दिवशी वेणूनं माहेराहून टोपलीभर जांभळं आणली.

राहिली आच. कागदावर लिहिलं होतं, मंद आच, पाऊण तास, सगळीकडून सारखी. सरस्वतीबाई दर दिवाळीला नानकटाईचं पीठ घेऊन उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या जेठानंदच्या बेकरीत जायच्या आणि त्याच्या भट्टीत भाजून आणायच्या. तिथंच थोडं मिश्रण डब्यात घेऊन गेल्या. जेठानंदनं डब्यात डोकावून पाहिलं.

"अम्मा, ये पाव की भट्टी है. तेरा ये दही दस मिनट में कोयला हो जाएगा."

"मग जरा मंद कर ना."

"भट्टी है, साईं, स्टोव थोड़ी है! ऐसी धीमी आंच पौना घंटा पकड़ के रखना अपना काम नहीं. ये तो दारूवाले का काम है. आंच बढ़ी तो माल जला, कम हुई तो माल उतरा नहीं. तुम्हारे बुवापाडे में एक था ना, सोमा! एक नंबर कारीगर. पता नहीं कौन औरत ने उसकी भट्टी तोड़ डाली."

"मी," सरस्वतीबाई म्हणाल्या.

जेठानंदनं घाईघाईनं गल्ल्याजवळची खारी उचलून त्यांच्या हातात दिली आणि पोराला चहा सांगितला.

परतीच्या वाटेवर सरस्वतीबाईंनी खूप विचार केला. विचार करण्यासारखं खरं तर काही नव्हतं. रविवारला दोन दिवस उरले होते. त्या तडक सोमाच्या हातगाडीपाशी गेल्या. सोमा आता चणे-शेंगदाणे भाजून विकायचा. बाईंना येताना पाहून त्यानं सवयीनं गाडीवरचं सगळं झाकलं.

"वैनी, शेंगदाणेच हायत. वाटल्यास वास घ्या."

"सोमाभावजी, भट्टी लावायचीय."

सोमाच्या हातातला झारा कढईत पडला.

"ज्या हातांनी फोडली, तेच हात जोडून सांगते," सरस्वतीबाई म्हणाल्या. "केक भाजायचाय. नऊ जणींच्या कामाचा प्रश्न आहे. मंद आच तुमच्यासारखी कोणाला जमत नाही, असं उल्हासनगरात बोलतात."

"उल्हासनगरात बोलतात?" सोमानं इकडेतिकडे पाहिलं. दोन वर्षांत त्याच्या कसबाबद्दल कोणी चांगला शब्द काढला नव्हता. "पण मग जागा तीच पायजे. नाल्याकडचा आडोसा. तिथं वारा लागत नाय. वारा लागला की आच हालली."

"तीच घ्या."

"आणि मधे कोणी बोलायचं नाय. धंद्याचा नियम हाय."

शनिवारी वेणू नळावर हंडा लावून उभी होती. कोणीतरी विचारलं, उद्या सुट्टीचं काय करणार? वेणूच्या पोटात दोन दिवस गोष्ट राहिली हाच चमत्कार होता. "उद्या सरस्वतीबाईंचा बार हाय," ती म्हणाली, "नाल्याकडं. सोमाभावजी भट्टी लावणारेत. टोपलीभर जांभळं कुस्करून ठेवलीत." एवढ्यात तिचा हंडा भरला आणि ती गेली. तिच्या बोलण्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

रविवारी दुपारी शालन मुरबाडहून आली. ती मंडळाची उपाध्यक्ष. दहा दिवस बहिणीकडं राहून आली होती, पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती, तेवढ्यात गल्लीत तिला वेणूचे शब्द जसेच्या तसे ऐकायला मिळाले. शालननं पिशवी टाकली आणि दाराआडचं मुसळ उचललं.

"अध्यक्ष असली म्हणून काय झालं?" ती म्हणाली, आणि मंडळातल्या उरलेल्या सहा जणी गोळा करून नाल्याकडं निघाली.

तिकडं अर्ध्या कापलेल्या पिंपात वाळू, वाळूत केकचा डबा, वर पत्र्याचं झाकण आणि झाकणावर निखारे, अशी सगळी मांडणी होती. सोमा उकिडवा बसून कान लावून ऐकत होता. वेणू बर्फ आणायला गेली होती. सरस्वतीबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत जांभळे. नेमक्या त्याच वेळी आडोशात सात बायका शिरल्या.

"सरस्वतीबाई, बाजूला व्हा!" शालननं मुसळ उगारलं.

"शालन, थांब! आत केक आहे!"

"सगळे असंच बोलतात. हा सोमापण आत काढा हाय म्हणाला होता."

"म्हणालो होतो," सोमानं कबूल केलं.

"तुम्हीच शिकवलंय आम्हाला, भट्टी दिसली की आधी फोडायची, मग विचारायचं!"

सरस्वतीबाईंनी कमरेचा कागद काढला. "हे वाच. वर्गाला बसलीस ना माझ्याबरोबर? वाच मोठ्यानं."

शालननं मुसळ काखेत धरलं आणि कागदावर बोट ठेवलं. "ची... ज... केक..." तिचा चेहरा जरा सैलावला. मग बोट पुढं सरकलं. "बार! बघा गं, लिहून ठेवलंय! बार!"

कागद हातोहात फिरला. सगळ्या जणी एकाच वर्गातल्या. सातही जणींनी बोट ठेवून वाचलं आणि सातही जणींना बारच सापडला.

"मास्तरांनी शिकवलं ते वाया गेलं नाही एवढं खरं," सरस्वतीबाई पुटपुटल्या. मग त्या पिंपासमोर पाय रोवून उभ्या राहिल्या. "ऐका. आत आपल्या नऊ जणींचं काम शिजतंय. झाकण उघडल्यावर थेंबभर दारू निघाली, तर पहिलं मुसळ माझ्या डोक्यात घाला. पण तोवर हात लावायचा नाही."

"किती वेळ?"

"दहा मिनटं," सोमा कुजबुजला. "आणि पाय आपटू नका. नायतर केक मधोमध बसंल."

तो इतक्या कळवळ्यानं बोलला की शालननं मुसळ हळूच जमिनीवर टेकवलं. सात बायका पिंपाभोवती बसल्या. कोणी खोकली तरी सोमा तिच्याकडं रागानं पाहायचा. दहा मिनिटांनी त्यानं निखारे झाडले, चिमट्यानं झाकण उचललं. डब्यात पांढरं शुभ्र काहीतरी थरथरत होतं आणि त्यावर जांभळ्या रेघा.

"अगं बाई, खरवस!" शालन म्हणाली.

वेणू बर्फ घेऊन आली. डबा बर्फावर ठेवला, गार झाला. पण शालन अजून उपाध्यक्षच होती. "दिसायला खरवस हाय. आत काय घातलंय ते खाल्ल्याबिगर कसं कळणार?" तिनं डाव्या कडेचा तुकडा मोडला. तपासणी एकीनं करून भागणार नव्हतं. मग उजव्या कडेनं दुसरी आली. सगळ्यांची खात्री पटल्यावर सरस्वतीबाईंनी डबा पदराखाली ओढला, तेव्हा मधली लांबट पट्टी तेवढी शिल्लक होती. त्यांनी तिच्या चार वड्या कापल्या. लांबट कापायच्या म्हणून बार, हे मीनलताईंनीच सांगितलं होतं.

पाच वाजता चारही वड्या क्लबच्या काचेच्या बशीत होत्या. कमिटीतल्या तीन बायका आणि मीनलताई यांनी एकेक उचलली. मग एकीनं दुसरीकडं पाहिलं, दुसरीनं तिसरीकडं.

"ऑथेंटिक," तिसरी म्हणाली.

"अगदी," बाकीच्या दोघी लगेच म्हणाल्या.

मीनलताई मात्र उठल्या. सरस्वतीबाईंना आतल्या स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि दार लावून घेतलं. सरस्वतीबाईंच्या डोळ्यांपुढं एकदम बाहेर फाटकाशी उभ्या असलेल्या आठ जणी आल्या.

"काम तुमचं झालं," मीनलताई हलक्या आवाजात म्हणाल्या. "पण एक विचारते, कोणाला सांगू नका. मी हे जन्मात कधी खाल्लेलं नाही. फोटोच बघितलाय. आणि मला वाटतं बाहेरच्या तिघींनीही नाही. म्हणजे थोडा धुराचा वास आहे, थोडं तुरट... हे असंच लागतं ना हो?"

सरस्वतीबाईंनी आधी खांद्यावरचा पदर नीट केला.

"असंच," त्या म्हणाल्या. "खाऊन जीभ जांभळी झाली नाही, तर समजायचं, माल नकली."

मीनलताईंनी भिंतीवरच्या आरशात जीभ बाहेर काढून पाहिली, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.